'ऑडॅसिटी' : सहा महिन्यांची विमानवाहू नौका

विमानवाहू नौका हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांसमोर एखादे तरंगते शहर उभे राहते. अवाढव्य पोलादी काया, पोटातील प्रशस्त हँगर, तेथून विमाने वर आणणारे पाळणे आणि हजारांच्या घरातील खलाशी, असे ते चित्र असते. आज मी जिच्याविषयी सांगणार आहे ती नौका या चित्रात कोठेच बसत नाही. ती मुळात केळी वाहून नेण्यासाठी बांधलेले एक व्यापारी जहाज होती. तेही ब्रिटनने बांधलेले नव्हे, तर शत्रूच्या, म्हणजे जर्मनीच्या, गोदीत तयार झालेले. तिच्यावर हँगर नव्हते, पाळणा नव्हता. विमाने असत ती सहा किंवा फार तर आठ. सेवेत रुजू झाल्यापासून अवघ्या सहा महिन्यांत ती समुद्राच्या तळाशी गेली. आणि तरीही दुसऱ्या महायुद्धातील अटलांटिक महासागराच्या लढाईची हकीकत सांगणाऱ्यास तिचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. त्या नौकेचे नाव 'ऑडॅसिटी', म्हणजे 'धाडस'.

तिची गरज का निर्माण झाली, हे प्रथम पाहावयास हवे. ब्रिटन हे बेट. तेथील माणसाच्या ताटातील भाकरी, त्याच्या कारखान्यातील लोखंडाचे खनिज आणि त्याच्या विमानातील पेट्रोल, यांचा फार मोठा भाग समुद्रावरून येई. तो पुरवठा तोडला की ब्रिटनला गुडघे टेकावे लागतील, हे जर्मनीचा पाणबुडीप्रमुख डोनिट्झ पुरतेपणी जाणून होता. पाणबुड्यांपासून बचाव व्हावा म्हणून व्यापारी जहाजे एकेकटी न जाता तांडा करून जात आणि त्यांच्या भोवती रक्षक युद्धनौका असत. परंतु जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि अटलांटिकच्या काठावरील फ्रेंच बंदरे व विमानतळ जर्मनांच्या हाती आले. बोर्डोजवळच्या तळावरून 'फॉके-वुल्फ काँडॉर' नावाची चार इंजिनांची लांब पल्ल्याची विमाने आता थेट समुद्रावर घिरट्या घालू लागली.

या काँडॉरची कथाही मोठी विलक्षण आहे. ते मुळात प्रवासी विमान होते. ऑगस्ट १९३८ मध्ये अशाच एका विमानाने बर्लिनहून निघून वाटेत कोठेही न थांबता सुमारे पंचवीस तासांत न्यूयॉर्क गाठले होते, आणि साऱ्या जगाने त्याचे कौतुक केले होते. युद्ध सुरू झाल्यावर त्याच जातीच्या विमानांवर तोफा बसल्या, पंखांखाली बाँब आले. स्वतः जहाजे बुडवणे हे तर त्यांचे काम होतेच. परंतु त्याहून घातक काम म्हणजे तांडा दिसताच त्याचा ठावठिकाणा बिनतारी संदेशाने कळवणे. एक काँडॉर क्षितिजावर दिसले, की पाठोपाठ पाणबुड्या येणार हे खलाशांना कळून चुकत असे.

येथे पाणबुडीच्या एका मर्मस्थानाकडे लक्ष वेधले पाहिजे. 'पाणबुडी' हे नाव त्या काळच्या बोटीला लावताना थोडे फसवे ठरते. ती सदैव पाण्याखाली राहत नसे. वर असताना डिझेल इंजिनांच्या बळावर ती १७ नॉट, म्हणजे ताशी १७ सागरी मैल, वेगाने धावे आणि सात-आठ नॉटने रखडत चाललेल्या तांड्याला सहज मागे टाके. पण बुडी मारली की तिला विजेच्या बॅटऱ्यांवर चालावे लागे. मग तिचा वेग फार तर साडेसात नॉट, आणि तोही थोडाच वेळ. शिवाय पाण्याखालून दिसणार किती? तात्पर्य, डोक्यावर विमान आले म्हणून पाणबुडीला नुसते खाली जावे लागले, तरी तांडा तिच्या हातून निसटण्याचा संभव पुष्कळच वाढे. विमानाने तिला बुडवलेच पाहिजे असे नव्हे. तिला वर डोके काढू न देणे हेच अर्धे यश होते.

पण समुद्राच्या मध्यभागी विमान आणायचे कोठून? किनाऱ्यावरील विमानांचा पल्ला तेथवर पुरत नव्हता. मोठ्या विमानवाहू नौका मोजक्या, आणि त्या लढाऊ आरमाराच्या कामात गुंतलेल्या. तेव्हा काही व्यापारी जहाजांवर एकेक लढाऊ विमान ठेवून ते यंत्राने आकाशात भिरकावण्याची युक्ती काढण्यात आली. विमान उडे खरे, पण परत उतरण्यास जागाच नसे. जमीन जवळ नसेल तर वैमानिकाने काम संपताच हवाई छत्रीने किंवा विमानासह समुद्रात उतरावे आणि कोणी उचलून घेईल याची वाट पाहावी, असा तो प्रकार. म्हणजे एका उड्डाणाला एक विमान खर्ची. यावर खरा उपाय एकच होता : तांड्याबरोबर चालेल अशी, स्वस्त आणि लवकर तयार होईल अशी एक लहानशी धावपट्टी.

ती धावपट्टी ब्रिटनला शत्रूनेच पुरवली. 'हॅनोव्हर' हे साडेपाच हजार टनांचे नवेकोरे जहाज मार्च १९३९ मध्ये जर्मनीत पाण्यात उतरले होते. वेस्ट इंडीजहून केळी आणणे हा त्याचा व्यवसाय. युद्ध सुरू होताच ते तिकडेच अडकून पडले. मार्च १९४० मध्ये ते निसटू पाहत असता पोर्तो रिकोच्या पश्चिमेकडील मोना सामुद्रधुनीत ब्रिटिश क्रूझर 'डनेडिन' आणि कॅनडाची विनाशिका 'असिनिबॉइन' यांनी त्याला गाठले. जर्मन खलाशांनी जहाज शत्रूच्या हाती पडू नये म्हणून पाण्याच्या झडपा उघडल्या आणि त्याला आग लावली. ब्रिटिश खलाशी त्या जळत्या जहाजावर चढले, झडपा बंद केल्या, आणि दिवसचे दिवस आगीशी झगडत त्यांनी ते ओढून जमेकातील किंग्स्टन बंदरात आणले. ज्या जहाजाला त्याच्याच माणसांनी मरणाच्या दारात लोटले, ते जहाज शत्रूच्या हाताने वाचले.

जानेवारी १९४१ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील ब्लाइद येथील गोदीत त्याचे रूपांतर सुरू झाले. वरचे सारे बांधकाम कापून काढले गेले आणि त्याच्या जागी सुमारे साडेचारशे फूट लांब व साठ फूट रुंद असा सपाट डेक बसला. विमान उतरताना त्याच्या शेपटीचा आकडा अडकून ते थांबावे म्हणून डेकवर आडव्या तारा ताणल्या. त्याही इतर विमानवाहू नौकांच्या मानाने थोड्याच. जूनमध्ये नौका सेवेत रुजू झाली. नव्या मालकाकडे तिचे नाव प्रथम 'सिंदबाद', नंतर 'एम्पायर ऑडॅसिटी' आणि जुलैअखेर नुसतेच 'ऑडॅसिटी' असे झाले. कमांडर मॅकेंड्रिक हे तिचे कप्तान होते.

हँगर नसल्यामुळे विमाने रात्रंदिवस उघड्या डेकवर, पिछाडीला दोरखंडांनी बांधलेली असत. खारे पाणी, पाऊस, वारा सारे त्यांच्यावर आदळे. दुरुस्ती करायची ती तेथेच, तीही बहुधा रात्रीच्या अंधारात, झाकलेल्या विजेरीच्या तिरिपेत. हातातून एखादा स्क्रू निसटला की तो समुद्रार्पण झालाच म्हणून समजावे. उड्डाणासाठी पिछाडीच्या विमानांनी उरलेल्या आखूड डेकवरून धाव घ्यायची. आणि एखादे विमान उतरावयाचे झाले, की इतर सारी ढकलत पुढे नाळेकडे न्यायची. भरीस भर म्हणजे बिस्केच्या उपसागरातील लाटांवर हा डेक झोपाळ्यासारखा खालीवर होई. अमेरिकेत बनलेली ग्रमन 'मार्टलेट' ही आखूड, दणकट लढाऊ विमाने हे सारे सोसण्यास योग्य निघाली. गंमत अशी, की वैमानिकांच्या वाट्याला आलेल्या खोल्या मात्र जुन्या प्रवासी जहाजाच्या थाटाच्या होत्या, स्नानगृहासकट!

सप्टेंबर १९४१ मध्ये 'ऑडॅसिटी' जिब्राल्टरकडे जाणाऱ्या एका तांड्याबरोबर आपल्या पहिल्या कामगिरीवर निघाली. २१ सप्टेंबरला एका काँडॉरने तांड्यातील 'वॉल्मर कॅसल' या जीवरक्षक जहाजावर बाँब टाकून त्याचा नाश केला. इतर जहाजांच्या बुडालेल्या खलाशांना पाण्यातून वर काढणे एवढेच ज्याचे काम, असे ते जहाज. पण ते काँडॉर या खेपेस परत गेले नाही. 'ऑडॅसिटी'च्या दोन मार्टलेटांनी त्याला समुद्रात पाडले. ८ नोव्हेंबरला, दुसऱ्या सफरीत, आणखी दोन काँडॉर पडली; परंतु विमानपथकाचा प्रमुख विंटूर त्या झुंजीत कामास आला. त्याच दिवशी एरिक ब्राउन या बावीस वर्षांच्या वैमानिकाने काँडॉरवर समोरून चाल करून जाण्याचा मार्ग यशस्वी करून दाखवला. पाठीमागून व बाजूंनी त्या विमानाच्या तोफा फार घातक. समोरून मात्र ते दुबळे होते. हाच ब्राउन पुढे जगप्रसिद्ध चाचणीवैमानिक झाला. त्याने २,४०७ वेळा नौकांच्या डेकवर विमान उतरवले आणि २०१६ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

'ऑडॅसिटी'ची खरी कसोटी लागली ती डिसेंबरात. १४ डिसेंबर १९४१ रोजी जिब्राल्टरहून ३२ व्यापारी जहाजांचा तांडा ब्रिटनकडे निघाला. रक्षक नौकांचे नेतृत्व 'स्टॉर्क' या स्लूपवरील कमांडर वॉकर यांच्याकडे होते. 'ऑडॅसिटी'वर त्या वेळी उड्डाणास योग्य अशी विमाने केवळ चार होती. एवढ्या चार विमानांनी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत आळीपाळीने आकाश राखायचे होते. तांडा निघाल्याची वार्ता जर्मनांना लपणार नव्हती आणि डोनिट्झने त्याच्यासाठी पाणबुड्यांची साखळीच पसरली होती.

१७ डिसेंबरच्या सकाळी गस्तीवरील मार्टलेटला तांड्यापासून बावीस मैलांवर एक पाणबुडी दिसली. जहाजाच्या डोलकाठीवरून एवढ्या अंतरावरचे कधीही दिसले नसते. वॉकर यांनी युद्धनौका तिकडे धाडल्या. पाण्याखाली फुटणाऱ्या बाँबांनी जखमी झालेली 'यू-१३१' अखेर वर आली आणि पळू लागली. तिला गुंतवून ठेवण्यासाठी फ्लेचर हा तरुण वैमानिक तिच्यावर झेपावला. पाणबुडीच्या तोफेने त्याचे विमान पाडले आणि तो मरण पावला. सप्टेंबरात पहिले काँडॉर पाडणाऱ्या दोघांपैकी हा एक. पण तोवर युद्धनौका माऱ्याच्या टप्प्यात आल्या होत्या. पाणबुडीच्या लोकांनी आपली बोट स्वतःच बुडवली आणि ते सर्व कैद झाले. दुसऱ्या दिवशी 'यू-४३४' बुडाली. १९ तारखेच्या पहाटे पाणबुडीने डाव उलटवला : विनाशिका 'स्टॅन्ली' पाणतीर लागून उडाली. परंतु काही मिनिटांतच वॉकर यांच्या 'स्टॉर्क'ने 'यू-५७४'ला प्रत्यक्ष धडक देऊन तिचा निकाल लावला. त्याच दिवशी मार्टलेटांनी दोन काँडॉर पाडली. डोनिट्झला आता कळून चुकले होते की या तांड्याचे कवच म्हणजे ही विमानवाहू नौका. तीच प्रथम बुडाली पाहिजे.

आणि मग २१ डिसेंबरची रात्र आली. रात्री विमाने उडत नसत; अंधारात विमानवाहू नौका म्हणजे केवळ एक मोठे, दुबळे लक्ष्य. अशा वेळी मॅकेंड्रिक आपली नौका तांड्यापासून दूर नेऊन नागमोडी चालीने रात्र काढीत. त्यांनी सोबतीला एक युद्धनौका मागितली. वॉकर यांच्यापाशी देण्याजोगी एकही नव्हती. मग निदान तांड्याच्या डाव्या बाजूस राहावे, असे वॉकर यांनी सुचवले. मॅकेंड्रिक यांना ते आपल्या हालचालींस अडचणीचे वाटले आणि ते उजव्या बाजूस एकटेच गेले. अधिकाराच्या क्रमाने मॅकेंड्रिक ज्येष्ठ. तांड्याच्या रक्षणाची जबाबदारी मात्र वॉकर यांची. म्हणून वॉकर यांनी सुचवले; आज्ञा केली नाही. सूचना आणि आज्ञा यांतील हे अंतर त्या रात्री फार महाग पडले.

थोड्याच वेळाने तांड्यातील 'अ‍ॅनाव्होर' हे जहाज पाणतीराने बुडाले. पाणबुडी कोठे आहे हे दिसावे म्हणून तांड्यातून उजेडाचे बाण सोडण्यात आले. त्या लख्ख प्रकाशात पाणबुडी दिसली नाही. दिसली ती दूरवर उभी असलेली 'ऑडॅसिटी'ची काळी आकृती. 'यू-७५१'चा कप्तान बिगाल्क याने ती पाहिली आणि ती आरमारातील एखादी मोठी विमानवाहू नौका असावी असे त्याला वाटले. त्याच्या पहिल्या पाणतीराने इंजिनघर फुटले आणि नौका जागच्या जागी थांबली. काही वेळाने तो पुन्हा जवळ आला आणि आणखी दोन पाणतीर त्याने नाळेकडे मारले. डेकवर बांधलेली विमाने दोर तोडून घसरू लागली आणि नौका समुद्रात नाहीशी झाली. मॅकेंड्रिक यांच्यासह ७३ जण गेले. ब्राउन थंड पाण्यात तासन्‌तास तरंगत राहिला. वैमानिकाचा हवा भरलेला जीवरक्षक कोट अंगात होता म्हणून तो वाचला; तसा कोट नसलेले त्याच्या भोवतालचे खलाशी एकामागून एक ग्लानी येऊन पाण्यात गेले.

त्याच रात्री 'यू-५६७' ही पाणबुडी, आणि तिच्यासोबत एन्ड्रास हा जर्मनीचा नामांकित कप्तान, सर्व लोकांनिशी नाहीशी झाली. २३ डिसेंबरला, नाताळच्या तोंडावर, तांडा ब्रिटनला पोहोचला. निघालेल्या ३२ व्यापारी जहाजांपैकी ३० सुखरूप होती. तांड्याभोवतीच्या या झुंजीत जर्मनांच्या चार पाणबुड्या गेल्या. त्या काळापर्यंत पाणबुड्यांच्या टोळीशी गाठ पडलेल्या तांड्याचा हिशेब सहसा याच्या उलट निघत असे. वॉकर यांनी आपल्या अहवालात यशाचे ढोल वाजवले नाहीत. मी आज्ञा करावयास हवी होती. ती केली नाही म्हणून 'ऑडॅसिटी' गेल्याचा दोष माझा, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. विजयाच्या अहवालात स्वतःची चूक नमूद करणारे सेनानी थोडे असतात. पण पुढच्याचा जीव वाचतो तो बहुधा अशाच अहवालांमुळे. 'यू-७५१' स्वतः जुलै १९४२ मध्ये ब्रिटिश विमानांच्या माऱ्यानेच बुडाली.

'ऑडॅसिटी' गेली, परंतु तिने सिद्ध केलेली गोष्ट बुडाली नाही. तिच्यात काय उणे होते तेही आता स्पष्ट झाले : हँगर हवे, विमाने अधिक हवीत, आणि लढाऊ विमानांच्या जोडीला पाणबुडीवर बाँब टाकणारी विमानेही हवीत. अमेरिकेत व्यापारी जहाजांच्या सांगाड्यांवर अशा नौकांचे काम सुरू झालेच होते. ब्रिटिश खलाशी थट्टेने त्यांना 'वुलवर्थ' नौका म्हणत. वुलवर्थ हे स्वस्त वस्तूंच्या दुकानांचे नाव. कोलंबिया नदीकाठच्या कायझर यांच्या एकाच गोदीने साधारण एका वर्षात अशा ५० नौका नौदलाच्या हवाली केल्या. १९४३ च्या वसंत ऋतूत 'बिटर', 'आर्चर', 'बोग' या नौका तांड्यांबरोबर अटलांटिक ओलांडू लागल्या. किनाऱ्यावरून येणारी लांब पल्ल्याची विमाने, रडार आणि वाढलेल्या युद्धनौका यांची जोड त्यांना मिळाली. मे १९४३ च्या अखेरीस डोनिट्झने उत्तर अटलांटिकमधून आपल्या पाणबुड्या मागे घेतल्या.

या कथेचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. अमेरिकेने ब्रिटनला दिलेल्या अशा नौकांच्या एका मालिकेला राजेरजवाड्यांची नावे मिळाली होती. तीत 'राजा' होता, 'राणी' होती, 'नबाब', 'बेगम' आणि 'शाह'ही होते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील वाचकांना ही यादी ऐकून हसू येईल. संस्थानी दरबारच जणू समुद्रावर भरला होता! यांपैकी 'बेगम' आणि 'शाह' हिंदी महासागरात कामास होत्या. ऑगस्ट १९४४ मध्ये 'शाह'च्या विमानाला सेशेल्स बेटांच्या बाजूस 'यू-१९८' ही जर्मन पाणबुडी दिसली. विमानाने वार्ता दिली, युद्धनौका धावल्या, आणि १२ ऑगस्टला ब्रिटिश फ्रिगेट 'फाइंडहॉर्न' व त्या वेळच्या हिंदी नौदलाची स्लूप 'गोदावरी' यांनी ती बुडवली. विमानाने दूरवर पाहावे आणि जहाजांनी जाऊन गाठावे, हा जो धडा 'ऑडॅसिटी'च्या चार मार्टलेटांनी १७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी घालून दिला, तोच त्र्यंबकेश्वरी उगम पावणाऱ्या आपल्या नदीचे नाव धारण करणाऱ्या नौकेने पावणेतीन वर्षांनी हिंदी महासागरात गिरवला.

नौकांच्या आयुष्याचे मोजमाप आपण सामान्यतः वर्षांनी करतो. 'ऑडॅसिटी'ला ते लागू पडत नाही. केळी वाहणारे जहाज, त्यावर ठोकलेला एक डेक, आणि त्या डेकवर भिजत उभी असलेली चार विमाने, एवढेच तिचे वैभव. बायबलमधील दाविदापाशीही एक गोफण आणि पाच गुळगुळीत गोटे एवढेच होते. फरक इतकाच, की दावीद जगून राजा झाला. 'ऑडॅसिटी'च्या ७३ माणसांना आपण काय सिद्ध केले हे पाहावयास मिळाले नाही. ती ३० जहाजे मात्र बंदराला लागली, आणि त्यांवरील खलाशांनी त्या वर्षीचा नाताळ जमिनीवर साजरा केला.